उंब्रजला जाणारे नकाशे

नव्वदच्या दशकात कराडला एका खासगी इंजिनिअरच्या ऑफिसात मी ट्रेसर होते. हेड ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि सगळं शाईनं गिरवायचं, हे काम. उपसा सिंचनाच्या पाइपलाइनी, टाक्या, पंपघरं. खोलीत टेबलं तीन: एक हेडचं, एक माझं, एक आपांचं. आपा म्हणजे दुसऱ्या ट्रेसर, वयानं मोठ्या म्हणून आम्ही आपा म्हणायचो; त्या रोज उंब्रजहून एसटीनं यायच्या. मी फौजेतल्या हवालदाराची लेक, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडावी लागते आणि मी आठवड्याला एक ब्लेड संपवायची. आपांचं ब्लेड गंजून जायचं.

एका उन्हाळ्यात आपांचे मालक वारले. त्यांच्यात, मुसलमानांत, नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस बाई घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. इद्दत म्हणतात त्याला. आमचे साहेब हळहळले, पण लगेच म्हणाले, "पावसाळ्याआधी योजनेचे नकाशे द्यायचेत. दुसरी ट्रेसर बघा." आपांच्या दोन्ही मुली शाळेत होत्या आणि घरात मिळवतं माणूस आता त्या एकट्याच. मला वाईट वाटलं, पण तोंड उघडावं असं काही सुचलं नाही.

तोंड उघडलं ते हेडनी. ते बौद्ध समाजाचे, मलकापूरचे. बोलणं मोजून मापून. ऑफिसला गणपती-दिवाळीची सुट्टी असायची, चौदा एप्रिलची नसायची. हेड त्या दिवशी कधीच यायचे नाहीत. रजेचा अर्जही करायचे नाहीत. आधीच्या रविवारी एकटे येऊन दिवसाचं काम संपवून ठेवायचे.

"आवं साहेब," ते म्हणाले, "चौदा एप्रिलला मी येत न्हाई. कवा तुमचं काम आडलं का? बाईंचं बी तसंच धरा. त्यांना बाहेर पडाय बंदी हाय, हाताला न्हाई. काम घरी धाडू."

"आणि चुकलं तर?"

"तपासणार मी. चूक झाली तर माझी धरा."

साहेब कुरकुरत कबूल झाले. पण नकाशे नेणार कोण? त्या घरात बाईमाणूसच जाऊ शकत होतं, म्हणजे मीच. मी पुटपुटले, "मी ट्रेसर हाय, हमाल न्हाई." हेडना ऐकू गेलं. "व्हय, म्हणून तर तुला धाडतोय," ते म्हणाले. "हमालाला नकाशा कळत न्हाई."

मग दर आठवड्याला पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात नकाशे गुंडाळून मी उंब्रजला जाऊ लागले. माजघरात खिडकीखाली आपांनी ड्रॉइंग बोर्ड मांडला होता. पहाटेची नमाज झाली की दुपारपर्यंत काम. भेटायला आलेल्या बायका भिंतीला टेकून रडायच्या, आपा त्यांचा हात हातात घेऊन बसायच्या आणि त्या गेल्या की पुन्हा पेन उचलायच्या. एवढ्या दुःखातही रेघ हलली नाही. मला त्या बाईचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

हेडना विचारायचं असेल ते आपा समासात बारीक पेन्सिलीनं लिहायच्या. हेड वाचायचे, दुरुस्त करायचे, मग मी रबरनं समास साफ करायचा आणि नकाशा छापायला जायचा. एका शनिवारी मैत्रिणीचा साखरपुडा होता. लवकर सुटावं म्हणून मी हेडना दाखवायच्या आधीच सगळं पुसून टाकलं.

सोमवारी छापील प्रतींवर साहेबांनी बोट ठेवलं. टाकीची पातळी सहाशे सत्तावीसच्या जागी सहाशे एकवीस. सहा मीटरचा फरक. पाणी टाकीत चढलंच नसतं. मूळ नकाशातला आकडा जाता-येता घासून पुसट झाला होता. शंका असती तर बाईंनी लिहिली असती, या भरवशावर हेडनी तो तसाच मान्य केला होता.

"चूक माझी. तपासलं मी," हेड म्हणाले.

"घरचं काम आजपासून बंद," साहेब कडाडले आणि माझ्याकडे वळले. "उद्या जाऊन त्यांचा बोर्ड घेऊन ये."

मी मूग गिळून बसले. आजही आठवलं की स्वतःचीच चीड येते.

दुसऱ्या दिवशी आपांना सगळं सांगितलं, फक्त रबराचं सोडून. त्यांनी मी दाखवायला सोबत आणलेला तो ट्रेसिंग पेपर मागितला, खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि मला जवळ बोलावलं. समासात पेन्सिलीचा दाब उमटलेला होता: "एक का सात?" रबरनं शिसं गेलं होतं, खूण गेली नव्हती.

आपा ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. त्या ओरडल्या नाहीत. कागद गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाल्या, "मला उंबरा वलांडाय येत न्हाई गं. तुला कुनी आडवलंय?"

बोर्ड तिथंच ठेवून मी परतले. रस्ताभर लाजेनं कान तापले होते. ऑफिसात शिरले ती सरळ साहेबांपुढे, हेडही तिथंच उभे. "ते मी पुसलं साहेब. आपांनी विचारलं होतं, हेडच्या नजरंला पडायच्या आधी मीच पुसलं. शनिवारी मला लवकर जायचं होतं." एवढं बोलले आणि रडू फुटलं.

साहेबांनी माझ्या हातातला कागद घेऊन उजेडात तिरका धरला, समासातली खूण वाचली. मग हेडना म्हणाले, "घरचं काम चालू ठेवा. हिचा रबर तेवढा काढून घ्या."

हेडनी हात पुढं केला. मी रबर दिला आणि त्यांनी उंब्रजला न्यायचा पुढचा नकाशा माझ्या हातात दिला.