थांबायला तयार नसलेला पंप

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या सात घरांच्या वाडीत, त्या दिवशी आवडीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. झऱ्याचं पाणी आज पहिल्यांदा तिनं बसवलेल्या पंपानं, हंड्यावाचून दारात येणार होतं. चाळिशीत महाडला जाऊन वायरमनचा कोर्स केलेली ही बाई. पण सासू ठकूबाईनं बजावलं होतं, पाणी चढलं तर बाकीच्या घरांचं काम खुशाल घे, नाय तर पक्कड खुंटीला टांग.

सौर बॅटरीवरच्या दिव्यांना आवडीनं घरातलेच साधे स्वीच लावले होते. बारा व्होल्ट आणि इवलासा दिवा, तिथं ते खुशाल चालतात. पंपाला मात्र बॅटरीच्या करंटचा स्वीच हवा, म्हणून ती सकाळीच महाडला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेली.

मुंबईहून आलेला धाकटा दीर मुरारी म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. स्वीच तो स्वीच, असं म्हणत त्यानं जुन्या बोर्डावरचा एक काढून पंपाला जोडला. बॅटरीजवळ वहिनीनं बसवलेल्या फ्यूजला तर तो कालच हसला होता.

आवडी परतली तेव्हा पाणी चढत होतं. शेजारची येसूबाई आणि बाकीच्या घरांतल्या बायका पिंपाभोवती जमल्या होत्या. आनंदाच्या भरात कुठला स्वीच लावलाय ते बघायचंच ती विसरली. नवा स्वीच पिशवीतच राहिला. पिंप भरलं, मुरारीनं स्वीच दाबला, पण पंप थांबेना. पुन्हा दाबला, तरी नाही. पाणी पडवीतून भाताच्या कणगीकडे निघालं. ठकूबाईनं आधी सुनेकडे पाहिलं, मग खुंटीकडे.

मुरारी बॅटरीची वायर उपटायला धावला.

"भावजी, तिथं नको. बॅटरीच्या तोंडाशी ग्यास असतो, ठिणगी पडंल," असं म्हणत तिनं फ्यूज खेचून काढला. पंप गप्प झाला.

मग तिनं तो स्वीच उघडून सगळ्यांना दाखवला. आतल्या पट्ट्या काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. घरातली वीज सेकंदाला शंभरदा दम खाते, तेवढ्यात ठिणगी विझते, असं तिनं समजावलं. बॅटरीचा करंट दम खातच नाही, ठिणगी पट्ट्या वितळवते, आणि मोटार तर सुरू होताना हिसका मारते, बंद होताना सोडत नाही.

ठकूबाई काही बोलणार, तोच मुरारी पुढं झाला. तो बोलला नसता तर खापर आवडीवरच फुटलं असतं.

"आये, ह्यो मी लावला. वयनीनं नाय."

आवडीनं गाडीचा स्वीच जोडला, फ्यूज परत बसवला आणि सासूचं बोट स्वीचवर ठेवलं. चालू. बंद. चालू. बंद. ठकूबाई पोरीसारखी हसली, आणि आवडीला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं.

"मुरारी," पदरानं बोट पुसत म्हातारी म्हणाली, "शिडी उचल. तिला येसूबाईकडं जायाचं हाय."