रोहा, रोहा

माझा शेजारी पेणच्या नाक्यावर मिनीडोर रिक्षात प्रवासी भरताना दिवसभर "रोहा, रोहा!" ओरडायचा. मेंदूत गुठळी होऊन त्याची वाचा गेली, तेव्हा नेमका तेवढाच शब्द उरला. आता बायको सकाळी गोळी देते आणि लगेच बोलायच्या सरावाला बसवते. डॉक्टरांनी दोन्ही जोडीनंच करायला सांगितलंय.

"म्हना, पानी."

"रोहा."

"नाय वो, पानी!"

भिंतीपलीकडून मला ते ऐकवत नाही.

काल नाक्यावर मला बघून त्यानं हाक मारली, "रोहा!" तशी एक बाई पिशवी घेऊन धावत आली. सवयीनं त्यानं ती धड राहिलेल्या डाव्या हातात घेतली.

"कधी सुटणार, दादा?"



"रोहा," तो म्हणाला, आणि तिची पिशवी छातीशी धरून रडायला लागला.