व्हायोलेटवर ओतलेला तांब्या

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सगळ्यांना शिस्त लावण्याचं काम श्यामसुंदर आगाशे यांनी निवृत्त झाल्या दिवसापासून स्वतःहून अंगावर घेतलं आहे. असा माणूस माझ्या दारात रडवेला होऊन उभा राहील, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

हातात कुंडी होती, त्यांच्या बायकोची, म्हणजे सुनीतीवहिनींची आफ्रिकन व्हायोलेट. वहिनी चार महिन्यांसाठी बंगळुरूला लेकीच्या, ऋचाच्या बाळंतपणाला गेलेल्या. झाड त्यांच्या थोरल्या बहिणीनं दिलेलं आणि ती बहीण गेल्या वर्षी वारली.

"पाणी खालच्या बशीत घाला, असं सांगून गेली होती," आगाशे म्हणाले. "पण बशीत मांजराला देतात. झाडाला कुणी देतं का?"

म्हणून तीन आठवडे रोज अंघोळ झाली की तुळशीला अर्धा तांब्या आणि उरलेला, तितक्याच भक्तिभावानं, या व्हायोलेटच्या डोक्यावर. मखमली पानांवर डाग पडलेले, मधला गाभा सडून काळा.

"अहो, ही काय महादेवाची पिंड आहे?" मी म्हणाले. एरवी त्यांनी मला चांगलंच सुनावलं असतं. त्या दिवशी नुसती मान खाली घातली आणि मलाच वाईट वाटलं.

कडेचं एकच पान धड होतं. ते देठासकट कापून ओल्या कोकोपीटमध्ये खोचलं, वर प्लास्टिकची पिशवी घातली आणि माझ्या उत्तरेच्या खिडकीत ठेवलं. "हात लावायचा नाही," असा दम भरला. आगाशे रोज येऊन, हात पाठीमागे बांधून बघून जायचे. दोन महिने काही म्हणजे काही हललं नाही. मग एका सकाळी देठाशी उंदराच्या कानाएवढी दोन पानं दिसली. आगाशे मटकन खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

वहिनी परतल्या त्या संध्याकाळी आगाशेंनी मलाही साक्षीला बोलावलं. छोटी कुंडी पुढे करून सगळा गुन्हा कबूल केला.

"त्यात काय एवढं?" वहिनी म्हणाल्या. "ताईनं दिलेलं मूळ झाड मी पहिल्याच वर्षी मारलं. असंच वरून पाणी घालून. पान लावायला तिनंच शिकवलं."

"मग मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही जन्मभर ऐकवलं असतंत."

आगाशेंनी असा सुस्कारा सोडला की मलाही हलकं वाटलं. वहिनींनी त्या इवल्या पानांना बोट लावलं. "ताईचंच आहे हो हे," त्या म्हणाल्या, आणि रडल्या.