शेख सरांचे इंटरनेट

शिक्षकांच्या खोलीत दोन गोष्टी आपोआप साठतात, खडूची धूळ आणि किस्से. धूळ शिपाई झाडतो, किस्से तसेच राहतात. आता निवृत्तीनंतर चार मैत्रिणी जमल्या, की माझ्याकडून सगळ्यांत जास्त निघतात ते आमच्या शेख सरांचे. सर इतिहास शिकवायचे, मी विज्ञान. शाळा भीमेच्या काठाला, शिरूर आणि दौंड दोन्हींपासून सारखीच लांब. दोन हजार तीन-चार साल असेल. शाळेला नुकताच एक कॉम्प्युटर मिळाला होता आणि विज्ञानाची बाई म्हणून त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती.

*

सरांना निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्या वयात त्यांनी माऊस धरला तो आबांमुळे. आबा म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे, नव्वदीला टेकलेले. ते आईच्या पोटात असताना त्यांचे वडील पहिल्या महायुद्धावर गेले, ते परत आलेच नाहीत. आमच्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या वेळची दगडी पाटी आहे. गावातून किती माणसं त्या लढाईला गेली आणि किती मेली, एवढंच तिच्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही.

सरांनी दहावीचा वर्ग ती पाटी दाखवायला नेला, तेव्हा आबा तिथंच बसले होते. म्हणाले, "मास्तर, आकडा मला बी वाचता येतो. आमचा बाप मेला कवा, त्येवढं सांगा. तिथी ठाव न्हाई म्हून सर्वपित्रीला सगळ्यांच्यात त्येचं पान वाढतो. एकदा त्येच्या तिथीला वाढायचंय."

दुसऱ्या दिवशी सर माझ्याकडे किल्ली मागायला आले.

*

इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून यायचं, तेही पायी. फोटो वरून खाली एकेक रेघ उतरायचा. आबांचं काम चालूच होतं, पण सरांना वाटलं, आलंच आहे तर पोरांनाही दाखवू. नववीसाठी राजगडाचा फोटो निवडला. साठ पोरं एका पडद्यापुढे दाटीवाटीने बसली. आधी आभाळ आलं. मग बालेकिल्ला आला. माची दिसायला लागली आणि वीज गेली.

सर उठून उभे राहिले. "वरचा किल्ला इंटरनेटनं दाखवला, आता खालचा मी दाखवतो."

आणि दाखवला की, पायथ्यापर्यंत, हातवारे करून! तास सुटल्यावर एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, खालचा जास्त क्लिअर दिसला."

*

शाळेत फोन एकच. सर इंटरनेटवर बसले, की ऑफिसचा फोन मुका. एकदा संस्थेचे सचिव सकाळपासून फोन लावत होते. दुपारी लागला तेव्हा त्यांचं डोकं तापलेलं.

"सकाळधरनं एंगेज? कोण बोलतंय एवढं?"

हेडमास्तर आधीच भित्रे. घाईघाईत म्हणाले, "साहेब, शेख सर पानिपतावर होते."

पलीकडून आवाज आला, "भर सत्रात? रजा कुणी दिली?"

*

सरांनी एक शंभर पानी वही केली होती. इतिहासाला उपयोगी साइट दिसली, की तिचा पत्ता टिंबासकट त्यात उतरवायचे आणि समोर शेरा मारायचे. 'नकाशे उत्तम, वीज असताना पाहणे.' 'चित्रे चांगली, मजकूर फेकाफेकी.' बाकी शाळांचे इतिहासाचे मास्तर शनिवारी ती वही उतरवून घ्यायला यायचे. सर चहा पाजायचे, पण वही घरी न्यायला द्यायचे नाहीत.

त्याच सुमारास त्यांनी औद्योगिक क्रांतीवर निबंध लिहायला सांगितला. वडगाव रासाईच्या एका मुलीचा भाऊ कारेगावला कंपनीत होता. त्याने शिरूरच्या सायबर कॅफेतून तिला प्रिंट आणून दिली. तिने ती मोत्यासारख्या अक्षरात उतरवली आणि शेवटची ओळ निळ्या शाईने अधोरेखितसुद्धा केली, 'पुढे वाचण्यासाठी येथे क्लिक करा.'

सरांनी खाली लाल शाईने लिहिलं, 'क्लिक केले. काही उघडले नाही.' दहापैकी सहा मार्क मात्र दिले. अक्षरासाठी.

*

आबा दर शनिवारी चौकशीला यायचे. चपला दाराबाहेर काढून कॉम्प्युटरसमोर बसायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, ह्येच्यात मेल्याली समदी माणसं हायेत व्हय?"

"सगळी नाहीत, आबा. कुणीतरी लिहून ठेवली तेवढीच."

"मंग आमच्या चावडीवानीच हाय की."

*

शेवटी सापडलं. परदेशातल्या एका साइटवर त्या लढाईत मेलेल्या आपल्याकडच्या शिपायांची यादी होती. सरांनी आबांच्या वडिलांचं नाव टाकलं आणि दोन माणसं निघाली. नाव तेच, बापाचं नाव तेच, जिल्हाही आपलाच. गाव दोघांचंही लिहिलेलं नाही. एक इराकात बसऱ्याला मेलेला, दुसरा फ्रान्सला. मरणाच्या तारखांत वर्षभराचं अंतर.

सरांचा चेहराच उतरला. पंधरा दिवस ते त्या दोन नावांत अडकले होते. दोन्ही तारखांच्या तिथी जुन्या पंचांगावरून काढून आणल्या, एक चतुर्थी, एक दशमी. पितृपंधरवडा तोंडावर आलेला. मला म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर पोरांना पुरावा पुरावा करत आलो. आता चुकीच्या दिवशी पान वाढायला लावलं, तर ते पाप माझ्या माथी." मला त्यांचं फार वाईट वाटलं. एक तारीख लपवली असती तर कुणाला कळणार होतं? पण सर तसले नव्हते.

आम्ही दोघं आबांच्या घरी गेलो. ते ओट्यावर शेवंतीची फुलं निवडत होते. सरांनी कागद पुढे केला, सगळं नीट समजावून सांगितलं आणि म्हणाले, "आबा, माफ करा. यातला तुमचा कुठला, ते मला सांगता येत नाही."

आबांनी कागद हातात घेतला. दोन्ही नावांवरून बोट फिरवलं.

"त्यो दुसरा, त्येचं गाव कंचं?"

"लिहिलेलं नाही."

"मागं कुणी हाय का त्येच्या?"

"तेही लिहिलेलं नाही, आबा."

आबांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि आत तोंड करून सुनेला हाक मारली.

"सूनबाई, औंदा चवथीला एक पान वाढायचं आन् दशमीला एक."

मग सरांकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही दोन्ही दिवशी जेवायला यायचं."