चिंबोरी झोपते का?

आमच्या गावच्या हायस्कुलातले शिपाई गणपतनाना नसते, तर मी शिक्षक झालो नसतो. आणि मी शिक्षक झालो नसतो, तर माझे सासरे एका चिंबोरीबरोबर पाऊण तास बाथरूममध्ये अडकले नसते. दोन्ही गोष्टींचं श्रेय नानांनाच जातं. (दुसऱ्या गोष्टीचं त्यांना अजून कळवायचं आहे.)

नाना चौथी पास. पण शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. शाळा सुटली की ते मला कपाट उघडून द्यायचे. अट एकच, रोज एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुस्तकात न शोधता बघून द्यायचं. "बघ, मग बोल," एवढंच त्यांचं शास्त्र. दहावीनंतर वडील मला कामाला लावणार होते, तेव्हा नाना घरी आले आणि म्हणाले, "ह्याला घरात ठेवू नका. प्रश्न विचारून विचारून तुमचं डोकं खाईल. कॉलेजात घाला. तिथल्या लोकांना उत्तरं द्यायचा पगार मिळतो." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर अशा रीतीने त्रासाला कंटाळून तयार झाला.

आता मी नेरूळच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवतो. नानांची आठवण म्हणून वर्गात बुटांच्या खोक्याची प्रश्नपेटी ठेवली आहे. कुणीही चिठ्ठी टाकायची. नियम नानांचाच, मोबाइलवर शोधायचं नाही, बघून सांगायचं. पेटीत काय काय येतं! "लिफ्ट पडताना शेवटच्या सेकंदाला उडी मारली तर वाचतो का?" (बघून सांगणं अवघड.) "खाडी बुजवली तर फ्लेमिंगोंना कोण कळवतं?" "सरांचं लव्ह मॅरेज आहे का?" (हा प्रश्न सात वेळा आला. अक्षरं सात, शुद्धलेखनाच्या चुका त्याच.)

ऑक्टोबरात एक चिठ्ठी निघाली. "चिंबोरी झोपते का? तिला पापण्या नाहीत. मग डोळे कसे मिटते?" खाली नाव, तन्वी.

तन्वी शेजारच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली. आजी बाजारात मासळी विकते. सहावीत एकदा ती वर्गात 'पानी' म्हणाली आणि सगळी हसली. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडलेलं नव्हतं. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. वर्षभरात तिने आम्हाला दिलेला हा पहिला शब्द होता.

"चिंबोरी म्हणजे खेकडा ना, सर?" मागून कुणीतरी ओरडलं. "ती एसी लावून झोपते!"

वर्ग खिदळला. तन्वीने मान खाली घातली. मला कळलं, ही मान आता खाली गेली ती दहावीपर्यंत वर येणार नाही.

"शनिवारी उत्तर मिळेल," मी छाती काढून म्हणालो. "मी स्वतः बघून देणार."

चिंबोरी मी तोवर फक्त ताटात पाहिली होती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तन्वी आणि तिची आजी फाटकाशी उभ्या. आजींच्या हातात बादली, बादलीत ओलं गोणपाट, गोणपाटाखाली माझ्या पंजाहून मोठी, सुतळीने करकचून बांधलेली चिंबोरी.

"घे मास्तर. जिती हाय. गोनपाट वलं ठेव, पानी भरू नको. आनि सनवारी परत दे."

मी बादली घेऊन घरी आलो. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, दार उघडलं.

"हे काय?"

"प्रश्न आहे."

"कुणाचा?"

"सातवी ब."

तेवढ्यात आतून माझे सासरे आले. ते साताऱ्याकडचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आणि गुडघा दाखवायला आमच्याकडे आलेले. त्यांनी बादलीत डोकावलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"जावईबापू! आवं माझ्यासाठी कशाला येवढा तरास?"

मी तोंड उघडलं. वैशालीने माझ्या पायावर पाय दिला. "बाबा किती खूश झालेत बघ," ती कुजबुजली. "उद्या सांगू."

सासऱ्यांनी लगेच फोन करून सासूबाईंना कळवलं की, जावयाने खाडीवर जाऊन हाताने खेकडा धरून आणला.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. वैशाली ऑफिसला गेली. सासरे हॉलमध्ये पेपर वाचत होते आणि अधूनमधून "नारळ हाय ना घरात?" असं विचारत होते. मी बाथरूममध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर वही घेऊन बसलो. निरीक्षण क्रमांक एक, चिंबोरी हलत नाही. तासाभराने निरीक्षण क्रमांक दोन, अजून हलत नाही. मग माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. अरे, ती बांधलेली आहे! हातपाय बांधल्यावर माणूस तरी नीट झोपेल का? तिला नैसर्गिक वागू दिल्याशिवाय निरीक्षणाला अर्थ काय?

मी स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि सुतळी कापली.

निरीक्षण क्रमांक तीन, चिंबोरी शांत आहे. स्वातंत्र्याचा तिच्यावर काहीही परिणाम नाही.

तेवढ्यात खालून वॉचमनचा इंटरकॉम आला. "सर, तुमची बाइक साइडला घ्या ना, टँकर अडकलाय!" मी गेलो. पाच मिनिटांत परत आलो. बादली आडवी पडलेली. गोणपाट होतं, चिंबोरी नव्हती.

निरीक्षण क्रमांक चार लिहायचं मी टाळलं.

मी हॉलमध्ये आलो, सोफ्याखाली वाकलो, कपाटामागे फुंकर मारली. (का मारली, ते आजही सांगता येणार नाही.) सासऱ्यांनी पेपरावरून पाहिलं. "काय हारवलं का?"

आता इथे सरळ सांगायला हवं होतं. पण जावई सासऱ्यांना कसं सांगणार, की तुमचा पाहुणचार मोकाट सुटला आहे? "पेन," मी म्हणालो.

"शोधा तुम्ही. मी आंघूळ करून घेतो."

"बाबा, आज अंघोळ नाही केली तर?"

"का?"

"थंडी आहे."

"ऑक्टोबरात?" असं म्हणून ते टॉवेल घेऊन आत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी देवाला हात जोडले आणि म्हटलं, ती सोफ्याखाली असू दे.

ती सोफ्याखाली नव्हती.

आधी आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. मग स्टूल सरकलं. मग तीस वर्षं एसटीत घुमलेला आवाज साऱ्या विंगमध्ये घुमला. "जावईबापू! कालवण सुटलं!"

"बाबा, कडी काढा!"

"कडी दाराला हाय, मी स्टुलावर हाय, आन् मधी ही बसलीया! पाय खाली सोडला की नांगी वर करती!"

"तिला हुसकवा!"

सासऱ्यांनी प्रयत्न केला. त्यांना येत होती ती एकच पद्धत त्यांनी वापरली. "चला, पुढं चला! पुढं मोकळं हाय! दारात थांबू नका!" चिंबोरी प्रत्येक वेळी हलत होती. पण ती आडवी हलत होती, त्यामुळे दार काही मोकळं होत नव्हतं.

मी वैशालीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "दोरी तू कापलीस?"

"नैसर्गिक वागणुकीसाठी."

"त्या मुलीच्या आजीला फोन कर. आणि तू कशालाही हात लावू नकोस." फोन बंद.

मी तन्वीच्या आजींच्या मोबाइलवर फोन लावला. आजी बाजारात होत्या. म्हणाल्या, "गिऱ्हाईक सोडून कशी येऊ? येते अर्ध्या तासात. तवर तुझ्या सासऱ्याला सांग, अंगठे आत घे."

मी दारातून निरोप दिला. आतून स्टूल करकरलं.

एव्हाना समोरच्या वहिनी बाहेर आल्या होत्या. "सर, स्नेक आहे का? ग्रुपवर टाकू का?" मी नको म्हणेपर्यंत त्यांनी टाकलंही होतं. दहा मिनिटांत वरच्या मजल्यावरून विचारणा झाली की, मगर नेमकी कुठल्या फ्लॅटमध्ये आहे. सेक्रेटरी खाली आले आणि मला विचारू लागले, "सर, पाळीव प्राण्याची सोसायटीत नोंद केलीय का?"

शेवटी रिक्षा आली. पुढे आजी, मागे तन्वी. आजींनी जमलेल्या माणसांना एका हाताने बाजूला केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दोरी कापली?"

"हो."

"दोरी कापू नको म्हनून सांगायला पायजे होतं? मास्तर हायस ना तू?"

त्यांनी दारावर थाप मारली. "ओ दादा! आंगावरचा टावेल टाका तिच्यावर! आंधार झाला की गप बसंल!"

"टॉवेल मी गुंडाळलाय!"

"मग दुसरं काय हाय?"

"जावयाची पँट हाय. खुंटीला. काळी."

ती माझी शनिवारची पँट होती. सासूबाईंनी दिवाळीला शिवून दिलेली. पण मी काही बोलायच्या आत ती आत पडल्याचा आवाज आला. मग सपसप पावलं, कडी, आणि दारात टॉवेलमधले सासरे. समोर निम्मी सोसायटी. त्यांनी सगळ्यांना शांतपणे नमस्कार केला आणि सरळ बेडरूममध्ये गेले. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी फार आदर वाटला.

आजी पदर खोचून आत शिरल्या आणि पँटीकडे हात नेला, तोच मागून आवाज आला.

"आजी, थांब."

तन्वी. ती ओल्या फरशीवर पालथी पडली आणि तिने पँटीची एक कड बोटभर उचलली. "सर, या. बघा. हळू या."

मी आत गेलो. चिंबोरीची एक नांगी पँटीबाहेर आली. पुढच्या क्षणी मी स्टुलावर होतो.

"दिसतंय का, सर?"

"हो, हो, इथून छान दिसतंय!"

"तिथून नाय दिसत, सर. खाली या."

मी खाली आलो. पालथा पडलो. मान वाकडी करून पँटीच्या अंधारात पाहिलं. चिंबोरीचे ते दोन देठांवरचे डोळे आडवे होऊन कवचाच्या खाचांत जाऊन बसले होते, घडी घालून ठेवल्यासारखे. तोंडापाशी सारख्या हलणाऱ्या बारीक मिशाही थांबल्या होत्या.

"झोपली?" मी कुजबुजलो.

"म्हायत नाय. बघू." तिने फरशीवर नखाने टक केलं. डोळे टपकन उभे राहिले! मिशा चालू! आम्ही श्वास रोखून पडून राहिलो. हळूहळू डोळे पुन्हा आडवे झाले.

"परत करू?" ती म्हणाली.

"परत कर. किती वेळ लागतो मोजायला हवं."

"मी मोजतो की!" दारातून आवाज आला. सासरे कपडे घालून, हातात घड्याळ घेऊन उभे होते. "करा सुरू."

आम्ही तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. चौथ्या वेळी आजी म्हणाल्या, "झाली का तुमची शाळा? माझी मासळी उनात हाय!" आणि एका हालचालीत चिंबोरी मागून धरून त्यांनी सुतळी आवळलीसुद्धा. माझ्या डोळ्यांना तो वेग दिसला नाही, म्हणून त्याचं निरीक्षण वहीत नाही.

शनिवारी (मी दुसरी, जरा तोकडी पँट घालून) वर्गात बादली ठेवली आणि म्हणालो, "उत्तर मी देणार नाही. ज्यांनी बघितलं, ते देतील." आणि मागे जाऊन बसलो.

तन्वी उभी राहिली. पुढे येऊन तिने बादलीवरचं गोणपाट सारखं केलं. मग म्हणाली, "आधी पानी सांडलेलं होतं..." आणि थांबली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसायच्या तयारीत होतं. ती एकदम म्हणाली, "आनि सर स्टुलावर होते."

वर्ग फुटला! "स्टुलावर? खरंच, सर?" "ओरडले का?" "मग खाली कसे आले?" तन्वी सांगत सुटली. 'पानी' सतरा वेळा आलं असेल. त्या शब्दाला हसायला कुणाला सवडच नव्हती, सगळे माझ्यावर हसत होते. शेवटी तिने फळ्यावर डोळे काढून दाखवले, उभे आणि आडवे. "झोपते का नाय, नक्की नाय सांगता येनार. पन डोळे घडी घालून ठेवते आनि टक केलं की उठते. आमी तीनदा बघितलं."

मला मागच्या बाकावर नानांचा आवाज ऐकू आला, "बघ, मग बोल."

त्या दिवशी आजींनी डब्यातून कालवण पाठवलं. सासरे जेवून म्हणाले, "प्रश्न चवीला झकास होता." मी खाल्लं नाही. ओळख झाल्यावर कसं खाणार? (रस्सा घेतला.)

रविवारी मी नानांना पत्र लिहायला घेतलं, पण पूर्ण केलं ते सोमवारी, पेटी उघडल्यावर.

"तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या नियमाप्रमाणे एक प्रश्न बघून सोडवला. त्यात एक पँट गेली आणि सोसायटीत मला आता मगरवाले सर म्हणतात. पण नाना, जी मुलगी हजेरीलाही बोलत नव्हती, तिला मी आज तासाला दोनदा गप्प बसवलं. तुम्ही मला कपाट उघडून देत होता तेव्हा तुम्हाला काय वाटत असेल, ते मला आज थोडं कळलं. तुमचे उपकार फिटणार नाहीत, त्यामुळे नुसतं कळवतो.

तिने आज पेटीत नवी चिठ्ठी टाकली आहे. 'माणूस घाबरला की स्टुलावर का चढतो? चिंबोरी तर वर चढत नव्हती.' उत्तर बघूनच द्यायचं आहे, म्हणजे घाबरणारा माणूस घरात हवा. सासरे कालच गावी गेले, त्यामुळे उरलो मी. तन्वीच्या आजी गुरुवारी दुसरी चिंबोरी पाठवणार आहेत. वैशालीने कात्री लपवून ठेवली आहे आणि स्टूल माळ्यावर टाकलं आहे.

तुमचा,
दत्ता"