पुसून टाकलेला कोड

अक्कलकोट रोडला एका पत्र्याखाली सिद्धाराम आणि महेश्वर यांचं गॅरेज एकोणीस वर्षं चाललं. वायरिंग, सेन्सर, स्कॅनर सिद्धारामकडे; ब्रेक आणि सस्पेन्शन महेश्वरकडे. एकाच्या कामात दुसऱ्याने हात घालायचा नाही, अशी रीतच पडून गेली होती. ब्रेक महेश्वरने पाहिलेत म्हटल्यावर सिद्धाराम गाडीखाली डोकावतही नसे.

सिद्धारामची लेक दिपाली जनावरांची डॉक्टर. जेऊरला नेमणूक झाली तेव्हा वाड्यावस्त्यांवर फिरायला तिला गाडी हवी होती. महेश्वरकडे कुणीतरी एक जुनी पांढरी गाडी विकायला आणून लावली होती. ब्रेक कसे आहेत, एवढंच सिद्धारामने विचारलं.

"आपल्या पोरीला देतोय. बघितल्याबिगर देईन व्हय?" महेश्वर म्हणाला. विषय तिथंच संपला.

सहा महिन्यांत गाडीच्या इंजिनाचा दिवा लागायला लागला. स्कॅनर मिसफायरचा कोड दाखवायचा, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. सिद्धारामने प्लग बदलले, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ करून घेतले. सोलापुरात गाडी लोण्यासारखी पळायची. दिपाली जेऊरला गेली की आठवड्यात दिवा पुन्हा हजर. मिसफायरच्या जोडीला दरवेळी आणखी एक कोड असायचा: एबीएसशी संपर्क नाही. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. ते ब्रेकचं खातं, म्हणून त्याने महेश्वरला दोनदा विचारलं. जुन्या गाड्यांत असले कोड येतच राहतात, पुसून टाक, असं महेश्वरने दोन्ही वेळा सांगितलं. सिद्धारामने दोन्ही वेळा पुसून टाकला.

मग एका दुपारी दिपालीचा फोन आला. वळणावर अचानक मेंढरं आडवी आली, तिने ब्रेक दाबला आणि गाडी घसरत थेट पाण्याच्या चारीच्या काठावर जाऊन थांबली. मेंढरं वाचली, तीही वाचली. सिद्धारामने विचारलं, "ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर लागली का?"

"नाही, अप्पा. पॅडल दगडासारखं झालं होतं."

एबीएस चालू असतं तर पॅडल थरथरलं असतं.

रविवारी गाडी आली तेव्हा महेश्वर एका लग्नाला गेला होता. सिद्धारामने चावी फिरवली आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागतात. एबीएसचा लागला नाही. मीटर उघडला तर त्या दिव्यावर आतून काळी पट्टी चिकटवलेली. बॉनेटखाली एबीएसच्या डब्याला करंट येत होता, वायरी शाबूत होत्या, पण डबा स्कॅनरला उत्तरच देत नव्हता. त्याने डबा काढून उघडला. आत हिरवा गंज. खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाने गाडीचा नंबर लिहिलेला, महेश्वरच्या हातचा. उतरवलेल्या प्रत्येक पार्टवर तो असा नंबर टाकायचा. पण हा नंबर या गाडीचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी ब्रेकच्या कामाला आलेल्या एका टॅक्सीचा होता.

तिथंच स्टुलावर बसून त्याला मिसफायरचंही कोडं सुटलं. इंजिन कधी चुकलंच नव्हतं. खडबडीत रस्त्यावर चाकांना बसणारे हिसके इंजिनापर्यंत पोचतात. हा रस्त्याचा धक्का आहे, बिघाड नाही, हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला एबीएस कळवतं. कळवणारंच मेलेलं असल्यामुळे वस्तीवरच्या प्रत्येक खड्ड्याला तो मिसफायर समजत होता. गाडी दीड वर्ष एकच गोष्ट सांगत होती, आणि त्याने ती स्वतःच्या हाताने पुसली होती.

सोमवारी त्याने तो डबा महेश्वरच्या बाकड्यावर ठेवला. महेश्वरने नंबर वाचला आणि नाही म्हणाला नाही. टॅक्सीवाला घाईत होता, नवा डबा मिळेना, म्हणून या गाडीचा काढून त्याला बसवला आणि त्याचा मेलेला हिला. गाडी कुणी परकं नेईल असं वाटलं होतं.

"तू घेतो म्हणालास, तवा सांगायला तोंड राहिलं न्हाई."

"तवाचं सोड. मी दोनदा विचारलं की रे. दोनदा पुसायला लावलंस. पोरगी काका म्हणती तुला."

महेश्वर हात पुसत राहिला. सिद्धाराम वाट बघत होता, त्याने काहीतरी म्हणावं, निदान चिडावं तरी. महेश्वरने दुसऱ्या गाडीचं चाक उघडायला घेतलं.

चांगला डबा मिळायला बारा दिवस लागले. तो बसवून सिद्धाराम स्वतः जेऊरच्या कच्च्या रस्त्यांवर दोन दिवस गाडी घेऊन फिरला. एकही कोड आला नाही. तिथंच दिपालीच्या खोलीवर त्याने तिला सगळं सांगितलं. काकांना पहिल्यापासून माहीत होतं का, एवढंच तिने विचारलं. हो म्हणताना त्याला तिच्याकडे बघवेना.

दिवाळीआधी महेश्वरने होटगी रोडला वेगळी जागा घेतली. जुनी गिऱ्हाइकं अजून येतात, ब्रेकवाले कुठं गेले म्हणून विचारतात. हात चांगला आहे त्याचा, असं सिद्धाराम म्हणतो, कारण ते खरंच आहे. पत्ता मात्र तो सांगत नाही.