डोंगरापलीकडचं गाणं

बाजारकुणंग गावच्या केशरची भातलावणीची गाणी १९५८ साली रेडिओवाले जोयड्याला येऊन, तिला तिथं बोलावून टेपवर उतरवून घेऊन गेले. गुरुवारी संध्याकाळी ती लागणार होती. पण चहूबाजूंनी डोंगर, गावच्या रेडिओवर नुसती खरखर. शेवटी तिचा दीर परशू तो बॅटरीचा रेडिओ डोक्यावर घेऊन डोंगरमाथ्यावर चढला आणि मागून धापा टाकत केशर. वर एक ओळ पुसट ऐकू आली अन् आवाज बुडाला.

"माझाच व्हता न्हवं?" केशरने विचारलं.

"व्हय, वैनी," परशू म्हणाला, पण मान वर न करता.

पुढच्या लावणीला बायांनी गळ घातली, "आक्का, म्हण की!"

"डोंगरापल्याड कुणाला ऐकू जातंय?" म्हणून ती मुकाट रोपं लावत राहिली. ती गाणी गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.